काळ्या कुत्र्यात किती रंग?

आत्याने फोन पुढे केला. "हा आमचा काळू. याचं छान रंगीत चित्र करून दे गं. भिंतीवर लावायचंय." स्क्रीनवर दांडीचा किनारा होता, ओहोटीची ओली वाळू होती, मागे वर ओढून ठेवलेली होडी होती आणि मधोमध कुत्र्याच्या आकाराचं एक काळं भोक होतं. ना डोळा, ना नाक. जिभेचा गुलाबी ठिपका होता म्हणून तोंड कुठल्या बाजूला आहे ते तरी कळत होतं. काळू पावसाळ्याआधीच गेला होता. नवा फोटो काढायची सोय नव्हती. होते ते तीनच: एक हा, भर दुपारचा, दुसरा घराच्या दारात सावलीत बसलेला, तिसरा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला, वाळूत धावतानाचा, हललेला.

ही दांडी मिठाच्या सत्याग्रहाची नव्हे. ही पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, नवापूर आणि उच्छेळीच्या शेजारची, तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या दक्षिणेला असलेली मच्छीमारांची दांडी. इथे कुत्री-मांजरं साखळीने बांधलेली नसतात. होडी लागली की आधी ती पोहोचतात, मग माणसं. मासळी निवडायला बसलेल्या बायकांच्या पाठीशी ती बसून राहतात आणि एकेका घराशी त्यांचं नातं जुळत जातं. अशा कुत्र्याचं चित्र करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याचं हे प्रकरण. पाळीव जनावरांच्या फोटोंवरून भडक, आनंदी रंगांची डिजिटल चित्रं करून घेण्याची आज मोठी हौस आहे. हिरवं मांजर, जांभळा कुत्रा, तरी पाहणारा म्हणतो, "अगदी आमचाच!" रंग इतका खोटा असताना ओळख पटते कशी?

आधी त्या काळ्या भोकाचा विचार करू.

कॅमेऱ्याला कुत्रा दिसत नाही, उजेड दिसतो. समोरच्या दृश्यातला सगळा उजेड एकत्र केला तर तो मध्यम करडा भरावा, असा जुना हिशेब धरून तो फोटोत किती उजेड घ्यायचा ते ठरवतो. दुपारची वाळू, चमकणारं पाणी, पांढुरकं आभाळ असं तीन चतुर्थांश दृश्य झगझगीत असलं की कॅमेरा उजेड कमी करतो, आणि बिचारा काळू अंधारात जातो. आत्याच्या डोळ्यांनी त्या दुपारी वाळूही पाहिली होती आणि काळूचे तपकिरी डोळेही, कारण आपला डोळा नजर फिरवताना पुन्हापुन्हा जुळवून घेतो. एका झटक्यात सगळं टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ती सवड नसते. नव्या फोनमध्ये पटापट चार-सहा फोटो काढून त्यांचं मिश्रण करण्याची सोय असते, पण धावत्या जनावरापुढे तीही अपुरी पडते.

तरीही काळं दिसतं ते रिकामं नसतं. फोटोच्या गडद भागाचा उजेड ॲपमधून हळूहळू वाढवत नेला तेव्हा आधी करडी रवाळ धूळ वर आली आणि तिच्यातून काळू उगवला. पाठीवर निळसर झाक होती, कारण वरून आभाळ पडलं होतं. पोटाखाली उबदार तपकिरी होतं, कारण खालून वाळूचा उजेड उसळत होता. मानेवरचे केस टोकांना तांबूस होते. काळ्या केसांतलं रंगद्रव्य उन्हाने विटतं, म्हणून किनाऱ्यावर आयुष्य काढलेलं काळं कुत्रं उन्हात जवळून पाहिलं तर पूर्ण काळं कधीच नसतं. काळूचा हा तांबूसपणा आत्याला माहीत असणारच, पण शब्दांत तिने तो कधी सांगितला नसता. मला तो फोटोच्या तळाशी सापडला.

हे रंग कॅमेऱ्यात येतात कसे, तेही ऐकण्यासारखं आहे. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला स्वतःला रंग कळत नाही, कमी-जास्त उजेड तेवढा कळतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी त्यावर एक उपाय शोधला, त्याचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. चिपवर चौकटी-चौकटींची रंगीत जाळी बसवायची: दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण माणसाचा डोळा बारकावे पारखताना हिरव्याच्या आसपासच्या उजेडावर जास्त विसंबतो. प्रत्येक चौकटीला एकाच रंगाची खबर असते, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ताडले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगाचा दोन तृतीयांश भाग मुळातच अंदाज असतो. फोटो खरा आणि चित्र कल्पित, असा जो भेद आपण सहज करतो तो इतका सरळ नाही.

आता ॲपकडे वळू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. फोटो टाकायचा, बटण दाबायचं, तैलचित्र तयार. ही करामत वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९७६ मध्येच जपानमध्ये कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या वैद्यकीय चित्रांतली धूसर रवाळी काढण्यासाठी एक रीत मांडली. चित्रातला एक ठिपका घ्यायचा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार छोटे चौकोन कल्पायचे, ज्या चौकोनात रंगांची चढ-उतार सर्वांत कमी असेल त्याचा सरासरी रंग त्या ठिपक्याला द्यायचा. कडा ठसठशीत राहतात आणि मधला भाग सपाट होतो. परिणाम असा की फोटो जाड कुंचल्याने रंगवल्यासारखा दिसू लागतो. डॉक्टरांसाठी केलेली युक्ती चित्रकारांच्या कामाला आली. १९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी फोटोतले रंग उचलून त्यांचे लहान-मोठे फटकारे पडद्यावर मारणारी पद्धत दाखवली. आणि २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गॅटिस, एकर आणि बेटगे यांनी एका चित्राचा आशय आणि दुसऱ्या चित्राची शैली वेगळी काढून जोडता येते हे दाखवलं. दुसऱ्याच वर्षी प्रिझ्मा हे ॲप आलं आणि लोकांच्या फोनमधली मांजरं व्हॅन गॉगच्या वळणाने घुमू लागली.

या यंत्रांना कुत्र्यांचं विशेष वेड आहे आणि त्याला कारण आहे. चित्रं ओळखायला ती ज्या संग्रहावर शिकली, त्या इमेजनेटच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या यादीत १००० प्रकारच्या वस्तू आणि प्राणी आहेत. त्यातल्या सुमारे १२० निव्वळ कुत्र्यांच्या जाती आहेत. म्हणूनच २०१५ मध्ये गूगलच्या 'डीपड्रीम'ने ढगांत, इमारतींत, जेवणाच्या ताटातसुद्धा कुत्र्यांची तोंडं पाहिली. त्या यादीत पूडल आहे, पग आहे, सह्याद्रीच्या रानात फिरणारा आपला कोळसूनही आहे. गावठी कुत्रा मात्र नाही.

मी काळूचा दारातला फोटो एका ॲपमध्ये टाकून पाहिला. रंग सुरेख आले: केशरी, मोरपंखी, गुलाबी. आत्याला दाखवलं. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला आणि परत दिला. "चांगलंय गं, पण हा काळू नाही." मी फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. काळूच्या डाव्या कानाला खालच्या बाजूला एक खाच होती, कधीतरीच्या भांडणात गेलेला तुकडा. ॲपने कान नीट शिवून दिला होता. यंत्राने हजारो धडधाकट कान पाहिले होते, म्हणून त्याला ही खाच फोटोतली चूक वाटली. आत्याला मात्र त्या खाचेत अख्खा कुत्रा दिसत होता.

बटणाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. ते सरासरीकडे नेतं, आणि ज्याच्यावर जीव लावलेला असतो तो सरासरी नसतो.

मग हाताने. हाताने म्हणजे टॅबलेटवर पेनने, पण रीत कागदावरचीच. क्रिता आणि गिंप ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं या कामाला पुरेशी आहेत, महागडी साधनं लागत नाहीत. सुरुवात रंगाने करायची नाही. आधी फोटोचा रंग पूर्ण काढून टाकायचा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त पाच पायऱ्या ठेवायच्या. संगणकाच्या फोटोत अशा २५६ पायऱ्या असतात, त्यातल्या पाच. मग डोळे किलकिले करून पाहायचं. या पाच करड्या डागांमध्ये काळू ओळखू येतोय का? येत असेल तर पुढे जायचं. नसेल तर कितीही रंग ओता, तो येणार नाही.

या साऱ्या कामाचं मर्म इथेच आहे. ओळख उजेड-सावलीत असते, रंगात नसते. मेंदू या दोन गोष्टींचा हिशेब बऱ्याच अंशी वेगवेगळा ठेवतो. आकार, खोली, अंतर यांसाठी तो मुख्यतः उजेडाच्या फरकावर चालतो, रंगाची नोंद वेगळ्या वाटेने घेतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी चित्रकलेच्या अंगाने याचा सविस्तर वेध घेतला आहे. म्हणून रंग कोणताही द्या, त्याचा उजेड मूळच्या उजेडाइतका ठेवा. जनावर ओळखू येतं.

पण रंगाचा उजेड मोजायचा कसा? जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं एक माप आहे. पडद्यावरच्या पांढऱ्याचे १०० भाग धरले तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९, लालचा ३० आणि निळ्याचा ११. लाल आणि हिरवा मिळून पडद्यावर पिवळा होतो, म्हणजे ८९. यातून रंगांची एक शिडीच मिळते: तळाला निळा, मग जांभळट, मग लाल, राणी, मग हिरवा, वर पिवळा. काळूच्या पोटाखालच्या गडद सावलीला गर्द निळा, कुशीला जांभळा, खांद्याला लाल-राणी, पाठीच्या वरच्या कडेला जिथे ऊन लागतं तिथे पिवळा. एकही रंग खरा नाही, तरी प्रत्येक रंग आपल्या पायरीवर उभा आहे. चुकून सावलीत पिवळा गेला की त्या जागी कुत्र्याच्या अंगातून दिवा लागल्यासारखं दिसतं.

जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी १९११ मध्ये निळे घोडे रंगवले तेव्हा हेच साधलं होतं. अंग निळं, पण मानेचा बाक आणि पुठ्ठ्याचा गोलवा उजेडाने नेमका तोललेला. मार्क १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईत मारले गेले. जनावराच्या अंगावर मनातला रंग चढवणारं आजचं प्रत्येक चित्र त्यांचं थोडं तरी देणं लागतं, असं मी मानते.

आणि आपल्याकडे हे काम गल्लोगल्लीच्या फोटो स्टुडिओत होत होतं. रंगीत फिल्म सर्रास मिळू लागण्याआधी काळ्या-पांढऱ्या फोटोवर पारदर्शक रंग कापसाने, बारीक कुंचल्याने चढवले जात. आजोबांचा फेटा गुलाबी, आजीचं लुगडं हिरवं. खालचा फोटो उजेड-सावली सांभाळायचा, वरचा रंग फक्त रंग द्यायचा. डिजिटल चित्रात थरांचा 'कलर' नावाचा एक प्रकार असतो, तो अगदी हेच करतो: खालच्या थराचा उजेड तसाच ठेवून वरच्या थराचा रंग घेतो. करड्या काळूवर असा थर ठेवून मी पाच मिनिटांत दहा काळू रंगवले आणि मग त्यातला एक निवडला.

थर ही कल्पनासुद्धा आपल्या ओळखीची आहे. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला. तिथल्या तैलरंगी छापांत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि एकाच कागदावर दगडामागून दगड छापत चित्र पुरं होई. एक दगड केसभर सरकला तरी चेहरा बिघडत असे. त्या काळापासून घरोघरी पोहोचलेल्या छापील चित्रांमध्ये दत्त महाराज आहेत, आणि त्यांच्या पायाशी चार कुत्रे. चार वेद म्हणतात त्यांना. मराठी घरातल्या भिंतीवर कुत्र्याचं चित्र मानाने लागलं ते असं. आत्याच्या घरातही दत्ताचं कॅलेंडर आहे, आणि काळूचं चित्र कुठे लावायचं हे तिने मला विचारलंच नाही, ती जागा तिने आधीच ठरवली होती.

रंग बसले तरी काळू अजून निर्जीवच होता, हलत नव्हता. इथे मला पालघर जिल्ह्याचीच मदत झाली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं लग्नाच्या चौकातून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मासेमारीचं जाळं हा त्यांच्या गाजलेल्या विषयांपैकी एक. गेरूच्या किंवा शेणाच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच रंग. डोळा नाही, केस नाही, छाया नाही. तरी वारली चित्रातलं कुत्रं कुत्रंच असतं, शेळी शेळीच, कारण पाठीच्या रेषेचा बाक, पायांचं अंतर आणि शेपटीचा कोन अचूक असतात. पाच पायऱ्यांच्या उजेडाशिवायही ओळख पटवणारी ही दुसरी वाट, चालीची. मी तो हललेला तिसरा फोटो उघडला. चेहरा त्यात पुसट होता, पण शेपूट स्पष्ट होती: डावीकडे वळलेली, टोकाला किंचित झुकलेली. बसलेल्या काळूला मी ती शेपूट दिली.

शेवटी डोळे. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरा भाग कमीच दिसतो, त्यामुळे सगळी जान बाहुलीवरच्या उजेडाच्या एका ठिपक्यात असते. तो ठिपका ज्याचं प्रतिबिंब असतो, त्याचाच आकार घेतो. दारात बसलेल्या काळूच्या डोळ्यात दाराची चौकट होती, उभी, अंगठ्याच्या नखाएवढीही नाही. मी तो गोल केला नाही, चौकोनीच ठेवला. मिशा सर्वांत शेवटी, प्रत्येकी एका फटकाऱ्यात, मागे न वळता. कानाची खाच तर पहिल्याच थरात होती.

छपाईत मात्र माझ्याकडून चूक झाली, ती सांगते, म्हणजे तुमची वाचेल. बारा बाय सोळा इंचाचं चित्र, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३६०० गुणिले ४८००, पावणेदोन कोटींच्या घरात ठिपके. तेवढा कॅनव्हास मी घेतला होता. व्हॉट्सॲपवरून आलेला साधा फोटो लांब बाजूने साधारण १६०० ठिपक्यांचा उरतो, तो मोठा छापला तर फाटतो. पण चित्र आपण नव्याने रंगवतो, तिथे फोटो फक्त पाहायला लागतो. ते ठीक होतं. चुकलं ते रंगांचं. पडद्याचे रंग उजेडाचे असतात, कागदाचे शाईचे. शाई आकाशी, राणी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा तळपता निळा या चार शायांत बसतच नाही. माझा गर्द निळा छापून आला तेव्हा मळका जांभळा झाला होता. छापण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये शाईच्या रंगांचं रूप पाहून घ्यायचं असतं, ते मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला निळा थोडा आकाशीकडे नेला आणि सावली वाचली.

ती आकाशी शाई म्हणजे तांब्याचं एक संयुग, थॅलोसायनिन. या कुळातला निळा १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या एका कारखान्यात अपघाताने सापडला: रसायनाच्या भांड्याचं अस्तर तडकलं, आतलं लोखंड उघडं पडलं आणि निळा डाग दिसला. दांडीजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग आणि रंगांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्या वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जातं, आणि इथले मच्छीमार वर्षानुवर्षं त्याविरुद्ध दाद मागत आले आहेत. काळू ज्या वाळूत लोळायचा तिच्याबद्दल लिहिताना हे वगळणं मला बरं वाटत नाही.

चित्र आत्याने दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग बोट कानाच्या खाचेवर गेलं. काळूला स्वतःला हे चित्र कसं दिसलं असतं? कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. माझ्या लाल-राणीतला लाल त्याला मातकट पिवळा दिसला असता, निळा आणि पिवळा मात्र बऱ्यापैकी आपल्यासारखेच. खांद्यावर मी घेतलेली बरीचशी मेहनत त्याच्यासाठी मातीच्या रंगाची, आणि सावली निळी.

चित्र खिडकीसमोर लावू नको, ऊन आणि खारा वारा शाई खातात, एवढं मी सांगितलं. ती हो म्हणाली आणि फोन पुन्हा पुढे केला. या वेळी होडीच्या काठावर बसलेलं मांजर. पांढरं शुभ्र, दुपारच्या उन्हात, मागे पांढरं आभाळ. इथे हरवलेलं असतं ते काळ्याच्या उलट: वरच्या पायऱ्या संपून सगळं कोरं झालेलं. अंधारातून धूळ तरी वर येते, कोऱ्यातून काहीच येत नाही. मी म्हटलं, "आत्या, हिचा फोटो उद्या सकाळी परत काढू. ऊन चढायच्या आत, होडी लागते तेव्हा."